भोंग्याचं पार्सल

बसस्थानकावर त्याला सगळे भोंगा म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्याला त्याचं वाईटही वाटत नसे. उलट कुणी नव्याने लागलेल्या माणसाने मोठ्या अदबीने आडनावाने हाक मारली, की आता आपलं काहीतरी चुकलंय असं वाटून तो दचकायचा. काचेच्या केबिनमध्ये बसायचं आणि कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली रखडली, कुणाची छत्री सापडली, कुणाचं पोर हरवलं, हे साऱ्या जगाला ऐकवायचं, एवढंच त्याचं काम. त्या कामात त्याचे केस गेले, पण आवाज जिथल्या तिथे राहिला.

आवाज मात्र खरोखर दांडगा. देवाने आपल्याला घडवायला घेतलं, सगळं सामान गळ्यातच खर्च केलं आणि उरलेल्या चिमूटभर मातीत बाकीचा देह उरकला, असं तो स्वतःच सांगायचा. उंची बेताची, खांदे उतरते, आणि चेहरा असा, की तीनदा भेटलेला माणूस चौथ्यांदा हमखास विचारायचा, "आपण पूर्वी कुठे भेटलोय का?" पण तोंड उघडलं की ओळख पटलीच. एकदा औषधाच्या दुकानात त्याने डोकेदुखीची गोळी मागितली, तर रांगेत मागे उभ्या असलेल्या बाईंनी सवयीने पिशव्या उचलल्या आणि त्या दाराकडे चालू लागल्या.

घरात मात्र या आवाजाला कुणी भीक घालत नसे. घरात होती फक्त बायको. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. लोकांच्या नाकावर फ्रेम बसवून बसवून समोरच्याकडे जरा वाकून, निरखून बघायची तिला सवय लागली होती. नवऱ्याने आतल्या खोलीतून "अगं, माझा टॉवेल कुठाय?" असं विचारलं, की ती शांतपणे म्हणायची, "मी स्वयंपाकघरात आहे. पाचव्या फलाटावर नाही."

अशा या घरात मांजर आलं ते बसने.

लांब पल्ल्याच्या गाडीच्या सामानाच्या कप्प्यात एक पांढरंशुभ्र पिल्लू निघालं. ड्रायव्हरने ते शर्टाच्या पोटात घालून केबिनमध्ये आणलं आणि टेबलावर ठेवलं. "कुणाचं आहे विचार बघ." भोंग्याने माईक चालू केला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. एक पांढरं मांजराचं पिल्लू सापडलेलं आहे. ज्यांचं असेल त्यांनी ओळख पटवून चौकशीच्या खिडकीवरून घेऊन जावं." सगळं बसस्थानक खो खो हसलं. त्याने पुन्हा सांगितलं, लोक पुन्हा हसले. संध्याकाळपर्यंत ओळख पटवायला कुणी फिरकलं नाही. पिल्लू मात्र त्याचा आवाज एवढा घुमत असताना लाऊडस्पीकरच्या खोक्याला टेकून गाढ झोपलं होतं. भोंग्याला वाटलं, वा, या जिवाला आपला आवाज मानवलेला दिसतोय! त्याच्या आयुष्यात हे प्रथमच घडत होतं. त्या भरात त्याने कपबश्यांचं रिकामं खोकं शोधलं आणि पिल्लू घरी नेलं.

"यात काय आहे?" बायकोने दारातच विचारलं.

"पार्सल," तो म्हणाला.

तेच नाव पडलं.

पार्सल मोठं झालं, गुबगुबीत झालं, निळ्या डोळ्यांचं देखणं मांजर झालं, आणि एके दिवशी त्याला घराला दार असतं हा शोध लागला. त्या दिवसापासून घरातली शांतता संपली. सकाळी दाराशी, दुपारी दाराशी, संध्याकाळी दाराशी. दाराच्या फटीला नाक लावून बसायचं आणि बाहेर सोडा म्हणून टाहो फोडायचा. साधं म्यांव नव्हे. गंजलेलं फाटक ओढावं आणि त्यात कुणाचं तरी बोट चेमटावं, तसा आवाज. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईंनी एकदा हळूच बायकोला विचारलंही, "तुमच्याकडे कुणी आजारी आहे का?"

भोंग्याने हा प्रश्न आपल्या पद्धतीने हाती घेतला. म्हणजे तो बोलला. "पार्सल, दारापासून बाजूला व्हा." मग जरा चढ्या सुरात. मग केबिनमधल्या सुरात. खिडकीची काच थरथरली, पण पार्सलची मिशी हलली नाही. पालथ्या घड्यावर पाणी. तो गोड बोलला, रागावला, समजुतीच्या चार गोष्टी सांगितल्या, बाहेर कुत्री असतात, गाड्या असतात, जग वाईट आहे, हेही सांगून झालं. पार्सल पाठ करून बसलेलं.

"हे मला मुद्दाम कानामागे टाकतंय," तो बायकोला म्हणाला.

"घरच्या चालीरीती लवकर उचलल्या म्हणायच्या," बायको म्हणाली.

मग ती सकाळ उजाडली. भोंगा कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला दार उघडायला गेला आणि पार्सल त्याच्या दोन पायांमधून सुटलं ते थेट जिन्यावर. जिन्यावरून फाटकात आणि फाटकातून रस्त्यावर. भोंगा मागोमाग, बनियन आणि अर्ध्या चड्डीत, हातात बादली तशीच. बघतो तर पार्सल भर रस्त्यात बूड टेकून बसलंय, मागचा पाय आभाळाकडे करून चाटतंय, आणि समोरून भाजीचा टेम्पो कर्कश हॉर्न वाजवत येतोय.

भोंग्याने होता नव्हता तेवढा दम एकवटला. "पार्सल! रस्त्यातून बाजूला व्हा!"

सगळा रस्ता बाजूला झाला. सायकलवाला खाली उतरला. फुटपाथच्या कडेने चाललेल्या दोन बाया भिंतीला चिकटल्या. कोपऱ्यावरचं कुत्रंसुद्धा उठून उभं राहिलं. हललं नाही ते फक्त पार्सल. ते दुसरा पाय चाटायला लागलं.

टेम्पो जेमतेम हातभर अंतरावर थांबला. भोंग्याने झडप घालून मागून मांजर उचललं, तर ते असं दचकलं, की त्याच्या गालावर चार रेघा उमटल्या. टेम्पोवाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अहो, एवढा हॉर्न वाजवतोय, एवढं तुम्ही बोंबलताय. मांजर बहिरं आहे का?"

टेम्पोवाला सहज बोलून गेला होता. पण घरी आल्यावर बायकोने, गालाला औषध लावता लावता, तेच विचारलं. "खरंच, बहिरं तर नाही ना?"

पार्सल खुर्चीवर झोपी गेलं होतं. बायकोने स्टीलचं मोठं ताट घेतलं, पाठीमागे गेली आणि ते फरशीवर सोडलं. भोंग्याने जागच्या जागी उडी मारली आणि त्याच्या हातातला चहा चादरीवर गेला. वरच्या मजल्यावर कुणीतरी "काय झालं?" म्हणून ओरडलं. पार्सलचा कानही हलला नाही.

ताट फरशीवर गरगर फिरून एकदाचं शांत झालं.

"म्हणजे आठ महिने," भोंगा शेवटी म्हणाला, "आठ महिने मी याच्याशी बोलतोय. माझी बढती हुकली ते याला सांगितलं. तुझ्या भावाचा स्वभाव सांगितला. आणि याला एक अक्षर..."

"तुम्हाला तरी उत्तराची कुठे सवय आहे?" बायको म्हणाली. पण हे ती नेहमीसारखं चिमटा काढत म्हणाली नव्हती. पदराने चादरीवरचा चहा टिपत, मायेने म्हणाली होती. म्हणून ते त्याला जास्तच लागलं. सगळ्या शहराला आपला आवाज ओळखू येतो या तोऱ्यात आपण फिरत होतो, आणि ज्या एका जिवाला आपला आवाज आवडतो असं वाटलं, त्याने तो कधी ऐकलाच नव्हता! त्याला हसू आलं आणि रडूही. त्याने हसायचं ठरवलं, कारण गालावर औषध झोंबत होतं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई रोखठोक होत्या. मांजराचे कान तपासून झाल्यावर त्यांनी सांगितलं की पांढऱ्या, निळ्या डोळ्यांच्या मांजरांत असं पुष्कळदा जन्मापासूनच असतं, आणि आता याला मोकळं बाहेर सोडायचं नाही. कधीच नाही. गाडी ऐकू येणार नाही, कुत्रं ऐकू येणार नाही.

"पण ते दाराशी रडतं हो," भोंगा म्हणाला.

"मोठ्याने रडतं कारण त्याला स्वतःचाच आवाज कळत नाही. आणि रडतं कारण कंटाळलंय. तुम्ही त्याच्यासोबत दिवसभरात काय करता?"

"बोलतो," भोंगा म्हणाला.

बायकोने छताकडे बघितलं. डॉक्टरीणबाईंनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. मग मात्र नीट समजावून सांगितलं. बाहेर जायचं नाही तर बाहेरचं सगळं घरात घडवायचं. जेवायला देण्याआधी त्याला शिकार करू द्यायची. दोरी पळवायची, लपवायची, आणि शेवटी त्याला ती पकडू द्यायची, नुसतं झुलवत ठेवायचं नाही. खिडकीशी उंचावर बसायला जागा द्यायची. खिडकीला जाळी पक्की हवी. रडायला लागलं की दार उघडायचं नाही, नाहीतर रडलं की दार उघडतं एवढंच ते शिकेल. झोपलेलं असताना मागून हात लावायचा नाही. बोलवायचं तर हाताची खूण करायची. पाठ असेल तर जमिनीवर पाय आपटायचा, म्हणजे हादरा त्याच्या पंजाला कळतो.

भोंगा कामाला लागला. आधी तो दुकानात गेला आणि चावीचा उंदीर, पिसांचा गुच्छ, आत घंटी असलेला चेंडू घेऊन आला. बहिऱ्या मांजराला घंटीचा चेंडू! हे घरी आल्यावर त्याच्या लक्षात आलं. चावीच्या उंदराकडे पार्सलने एकदा बघितलं. भोंगाच त्याच्याशी जास्त वेळ खेळला. पार्सल ज्या खोक्यातून ही खेळणी आली त्या खोक्यात जाऊन बसलं. मग पट्टा आणला, अंगात घालून बाहेर फिरवायचा. पट्टा चढवल्याबरोबर पार्सल ओल्या फडक्यासारखं जमिनीवर पसरलं. पाय आहेत हे ते विसरलंच. भोंग्याने त्याला तसंच उचलून जिन्यात नेऊन ठेवलं, तर ते तिथेही पसरलं आणि मग हळूच मागे मागे सरकत पट्ट्यातून निघून पायपुसण्यावर जाऊन बसलं. भोंगा रिकामा पट्टा धरून जिन्यात उभा. वरून उतरणाऱ्या मास्तरांनी "फिरायला?" असं विचारलं आणि तो "हो, झालं फिरून," म्हणाला.

शेवटी कामाला आली ती माईकची जुनी केबल. तिच्या टोकाला त्याने आपला एक भोक पडलेला मोजा बांधला. मोजा नुसता फरफटवला तर पार्सल जांभई द्यायचं. मोजा टेबलाखाली लपला, थांबला, जरासा हलला, की मात्र त्याच्या डोळ्यांत बुबुळंच बुबुळं व्हायची. त्यामुळे भोंग्यालाही टेबलाखाली जावं लागलं. बावन्न वर्षांचा माणूस, रोज संध्याकाळी, गुडघ्यांवर, श्वास रोखून. बायको दुकानातून आली की पर्स ठेवता ठेवता विचारायची, "आज कोण जिंकतंय?"

खेळ झाला की जेवण. जेवायला बोलवायचं म्हणून भोंगा पाय आपटायचा. धाड, धाड, धाड. पार्सल कुठेही असो, धावत यायचं. इतक्या वर्षांत घरातलं कुणीतरी प्रथमच त्याच्या एका हाकेसरशी येत होतं, भले ती हाक पायाची असो. त्यामुळे तो जरा हौसेनेच आपटायचा. सकाळी तर फारच.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरचे बेकरीवाले. साठीचा एकटा गडी. रात्रभर भट्टीशी उभा राहायचा, पहाटे पाव गाड्यांवर चढले की घरी येऊन झोपायचा. म्हणजे भोंग्याची सकाळ ही त्याची रात्र.

"साहेब," ते तांबारलेल्या डोळ्यांनी म्हणाले, "वर घोडा पाळलाय का?"

"नाही हो दादा, मांजर."

"मांजर एवढं आपटतं?"

"मांजर नाही. मी आपटतो."

"का?"

"मांजराला ऐकू येत नाही म्हणून."

बेकरीवाल्यांनी यावर जरा विचार केला. "मला येतं," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले.

भोंगा फार खजील झाला. त्याने सकाळचं आपटणं बंद करून दिव्याचं बटण चालू-बंद करायचं ठरवलं. पार्सलला तेही लवकर कळलं. पण बेकरीवाल्यांचा विश्वास उडाला होता. ते तेव्हापासून कानात कापसाचे बोळे घालून झोपू लागले.

राहिली उंचावरची जागा. सुताराला बोलवू या, असं बायको म्हणाली. दोन फळ्या आणि चार खिळ्यांसाठी सुतार कशाला, असं भोंगा म्हणाला. घरोघरी पुरुष हे म्हणतात आणि घरोघरी बायका पुढचं ओळखून असतात. फळी भिंतीला लागली. ती पुरेशी भक्कम आहे का हे बघायला भोंग्याने स्टुलावर उभं राहून तिला लोंबकळून बघितलं. फळी निघाली, स्टूल निसटलं, भोंगा खाली आला आणि त्याच्या घोट्याला प्लास्टर बसलं. मग सुतार आला. त्याने तासाभरात खिडकीशी दोन ऐसपैस फळ्या ठोकल्या, जाळी घट्ट केली, आणि प्लास्टरकडे बघून काही बोलला नाही. हे त्याचे उपकार.

आता घरात दोघं अडकले. बायको सकाळी दुकानात जायची. कुणी आलं तर भोंग्याला उठायला नको म्हणून ती दार कुलूप न लावता नुसतं ओढून घ्यायची. बाहेरून मूठ फिरवली की उघडायचं. पार्सलला मूठ फिरवता येत नाही, तेवढा तरी दिलासा होता.

पहिल्या दिवशी भोंगा झोपला. दुसऱ्या दिवशी त्याने जुनी वर्तमानपत्रं वाचली. तिसऱ्या दिवशी त्याने खुर्ची खिडकीशी ओढली आणि फळीवरच्या पार्सलशेजारी बसून रस्ता बघू लागला. पाणीवाल्याचा टँकर आला, तो म्हणाला, "पाण्याचा टँकर दाखल होत आहे." समोरच्या गच्चीवर कबुतरं उतरली, पार्सलचा जबडा कटकट वाजायला लागला, तो म्हणाला, "कबुतरं नियोजित वेळेपेक्षा उशिरा." दुपारपर्यंत त्याला असं झालं, की कुणीतरी दार उघडावं आणि आपल्याला बाहेर सोडावं. त्याने पार्सलकडे बघितलं. त्याला मांजराची दया आली, आणि लगेच लक्षात आलं, की आपण दोन महिन्यांत प्लास्टर काढून निघून जाऊ, हे काही जाणार नाही. खिडकी त्याला आवडली होती, खेळ आवडत होता. तरी दुपार कलली की ते फळीवरून उतरून दाराशी जाऊन बसायचंच. पहिल्यापेक्षा कमी रडायचं. पण रडायचं.

त्याच आठवड्यात ते न्हाणीघराचं प्रकरण झालं.

कुबडी ओल्या फरशीवर घसरली आणि भोंगा बादली आणि भिंत यांच्यामधल्या फटीत जाऊन बसला. लागलं नाही. पण प्लास्टरचा पाय वर, बूड खाली, हात धरायला नळाशिवाय काही नाही, आणि अंगावर फक्त टॉवेल. उठायचा दोनदा प्रयत्न केला, दोनदा फटीत अजून खोल रुतला. मग त्याला हुरूप आला. आपल्याजवळ आवाज आहे की!

आधी लाजत हाक मारली. मग जोरात. मग डोळे मिटून, पोटातून, अगदी केबिनमधल्यासारखी. सवयीने तोंडून निघालं तेही तसंच. "कृपया लक्ष द्या! कृपया लक्ष द्या!" भर दुपारची वेळ, माणसं कामावर, इमारत ओस. रस्त्याने चाललेल्या एक आजीबाई हे ऐकून आपली गाडी चुकली की काय म्हणून घाईघाईने बसस्थानकाकडे निघाल्या, असं पुढे त्यांनीच त्याच्या बायकोला दुकानात सांगितलं. बाकी कुणी आलं नाही. बेकरीवाल्यांच्या कानात बोळे होते.

घसा बसला. तेव्हा कुठे त्याला सुचलं. त्याने बादली उपडी केली आणि फरशीवर आदळायला सुरुवात केली. धाड, धाड, धाड.

पहिल्यांदा पार्सल आलं. दारात बसलं, त्याच्याकडे बघितलं, वाटी कुठे दिसत नाही असं बघून नाराज झालं. भोंगा आदळत राहिला. खाली पलंग हादरला असावा, कारण थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली. पार्सलला ती पंजांतून कळली. ते वळलं आणि बाहेरच्या दाराकडे गेलं. भोंग्याला पुढचं सगळं दिसलं. "दार उघडू नका!" तो ओरडला. घशातून नुसती शीळ निघाली.

दार धाडकन उघडलं. "साहेब, आता मात्र हद्द झाली..." बेकरीवाले गरजले, आणि मग "अरे अरे अरे" असं काहीतरी.

"दादा! मांजर!"

बेकरीवाल्यांनी न्हाणीघरात डोकावून बघितलं. टॉवेल, बादली, वर गेलेला पाय. त्यांचा राग गेला. "अहो, तुम्ही पडलात! थांबा, उचलतो."

"मला राहू द्या! मांजर धरा! त्याला ऐकू येत नाही, रस्त्यावर जाईल!"

बेकरीवाल्यांनी कानातले बोळे काढले. "काय?"

"मांजर!"

ते पळाले. साठीचा माणूस, अर्ध्या झोपेत, अनवाणी.

आणि मग घर एकदम शांत झालं. भोंगा फटीत बसून होता. नळ ठिबकत होता. रस्त्यावर एक हॉर्न वाजला आणि पाठोपाठ ब्रेक ऐकू येतो का म्हणून त्याने कान टवकारले. ओरडून उपयोग नव्हता. दारात जाऊन उभं राहावं तर पाय नव्हता. इतकी वर्षं हरवलेल्या पोरांच्या आईबापांना "घाबरू नका, बसून राहा" असं तो काचेआडून सांगत आला होता. ती माणसं बसून कशी राहत असतील, हे त्याला कधी सुचलंच नव्हतं. तो टॉवेलच्या टोकाने डोळे पुसत राहिला.

खूप वेळाने, म्हणजे खरं तर थोड्याच वेळाने, बेकरीवाले दारात आले. हात रिकामे.

"आहे," ते म्हणाले. "माझ्याकडेच आहे. मी रस्ता धुंडाळून आलो, बेकरीपर्यंत जाऊन आलो, आणि घरी येऊन बघतो तर माझ्या गोधडीवर. वर येताना दार उघडंच टाकलं होतं मी. आणि साहेब, ते काय करतंय माहितीये?" त्यांचा चेहरा उजळला होता. "पीठ मळतंय हो! दोन्ही हातांनी, माझ्यासारखं. असं दाबून, असं दाबून."

भोंगा हसायला लागला तो त्यांनी त्याला काखेत धरून उभा केला तरी हसत होता. मग दोघं, एक लंगडत, एक आधार देत, जिना उतरून खाली गेले. पार्सल लोण्याच्या वासाच्या त्या गोधडीत डोळे मिटून मळत होतं. ज्या बाहेरच्या जगासाठी त्याने एवढा आकांत केला होता, ते एक मजला खाली होतं. एक खोली, एक पलंग आणि एक खिडकी, ज्यातून तोच रस्ता जरा वेगळा दिसत होता.

संध्याकाळी बायको आली तर घर उघडं आणि रिकामं. तिने जिन्यातच बसकण मारली. मग खालून हसण्याचे आवाज आले. ती आत गेली, नवऱ्याकडे बघितलं, मांजराकडे बघितलं, आणि तिने फक्त विचारलं, "टॉवेलवर?"

पुढचं सगळं बेकरीवाल्यांनीच सुचवलं, तेही आढेवेढे घेत. "वहिनी, तुम्ही कामावर जाता. हेही पाय बरा झाला की जातील. मी दिवसभर झोपलेलाच असतो. मांजरंही झोपतात म्हणे." डॉक्टरीणबाईंना विचारलं. टोपलीतून न्या, जिन्यात मोकळं सोडू नका आणि तिथल्याही खिडकीला जाळी लावा, एवढंच त्या म्हणाल्या. पुन्हा सुतार आला. आता बायको सकाळी कामाला निघताना टोपली खाली सोडते आणि बेकरीवाले संध्याकाळी भट्टीवर जाताना ती वर पोचवतात. दिवसभर दोघं एका गोधडीत झोपतात. कापसाचे बोळे सुटले.

दाराशी रडणं थांबलं का? पुष्कळ कमी झालं. कधी कधी पार्सल वर असलं की खाली जायला रडतं आणि खाली असलं की वर यायला. मांजराला बाहेर जायचं नसतं, दाराच्या पलीकडे जायचं असतं, असं भोंग्याचं आता मत झालंय. पण त्याच्या मतांना मांजराच्या बाबतीत काय किंमत, हे तो स्वतःच आधी सांगून टाकतो.

प्लास्टर निघालं, तो कामावर रुजू झाला. थोडा लंगडतो. घरी बोलणं कमी झालंय, हातवारे वाढलेत. तळहात उघडला की जेवण, दोन बोटं हलवली की खेळ, आणि एक बोट ताठ वर केलं की नाही म्हणजे नाही. पहिल्या दोन खुणा पार्सल पक्क्या शिकलं. परवा रविवारी बेकरीवाले चहाला आले होते. टेबलावर लोण्याचं भांडं होतं आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर पार्सल. भोंग्याने बोट ताठ वर केलं. पार्सलने त्या बोटाकडे सरळ, स्वच्छ, निळ्या डोळ्यांनी बघितलं. खूण त्याला समजली होती, याबद्दल टेबलाभोवती बसलेल्या तिघांनाही शंका नव्हती. मग त्याने शांतपणे मान वळवली आणि लोण्यात तोंड घातलं.

"तरी मी म्हणतच होतो," भोंगा बायकोला म्हणाला, "कानाचा यात काही संबंध नाही."